त्रेसष्ट माळा

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक माझं आणि समोरचं वहिनींचं. वहिनी नात्यातल्या नव्हेत, शेजारच्या. मी त्यांना वहिनी म्हणायचे, त्यांच्या यजमानांना भाऊजी, आणि ती दोघं मला बाई म्हणायची, कारण त्यांच्या मुलीला मी आठवी ते दहावी गणित शिकवलं होतं. शाळेतून निवृत्त होऊन मला आता बरीच वर्षं झाली, पण रत्नागिरीत बाजारात भाजी घेतानाही मी बाईच असते.

भाऊजी पोफळीच्या वीजघरात नोकरीला होते. डोंगराच्या पोटात बोगद्यातून आत जायचं आणि पाळी संपली की बाहेर यायचं. "तीस वर्षं दिवसाचं ऊन बघितलं नाही, बाई, आता बघून घेतो," असं म्हणून निवृत्तीनंतर ते रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून उन्हात बसायचे. इमारतीतल्या कुणाचा मिक्सर बिघडला, कुणाची इस्त्री तापेना, की तो त्यांच्या मांडीवर. माझे यजमान गेले तेव्हा सगळी धावपळ भाऊजींनी केली, आणि वहिनी तेरा दिवस माझ्या खोलीत खाली सतरंजी टाकून निजल्या. मी एकदाही त्यांना या म्हटलं नव्हतं. त्या आपल्या आल्या.

हे आधी सांगते, कारण पुढचं सांगताना ते सारखं आड येणार आहे.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी भाऊजींना ताप आला. साधा खोकला म्हणता म्हणता छाती भरली. इथल्या डॉक्टरांनी तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला न्या म्हणून सांगितलं. अँब्युलन्स आंबा घाटातून गेली, सोबत वहिनी. मुलगी परदेशात, तिला यायला आठवडा लागणार होता. जाताना वहिनींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "देवापुढे दिवा लावाल ना?" मी हो म्हटलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. भाऊजींना श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं. आवाज अगदी कोरडा होता, रडून झाल्यावर होतो तसा.

"बाई, तळमजल्यावरच्या काकू म्हणतायत, सव्वा लाख महामृत्युंजयाचा जप करूया. बायकांत वाटून घेऊ. तुमचा यावर विश्वास नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही फक्त हिशोब बघाल का? कुणाच्या किती माळा झाल्या ते. तुम्ही बघितलंत की मला घोर नाही."

माझा विश्वास नव्हता हे खरं. मी देवाला नमस्कार करते, सणाला पुरण घालते, त्यापलीकडे कधी गेले नाही. पण तो आवाज ऐकून माझ्या तोंडून निघून गेलं, "नुसता हिशोब कशाला? मीही वाटा घेते."

"घ्याल?" त्यांना इतका आनंद झाला की माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. "मग आमच्या देवघरात खालच्या कप्प्यात एक रुद्राक्षाची माळ आहे, माझ्या वडिलांची. ती घ्या. सोबत गोमुखीपण आहे."

वहिनींचं माहेर वेळणेश्वरचं. वडील रोज देवळात बसून त्याच माळेवर जप करायचे, हे त्यांनी मला पूर्वी कधी सांगितलं होतं. मी ती काढली तेव्हा लक्षात आलं की तिची दोरी नवी आहे. भाऊजींनी ती पुन्हा ओवलेली होती, दर मण्यानंतर एकसारखी गाठ मारून.

काकूंनी आम्हा सगळ्यांना आपल्या हॉलमध्ये बोलावून नियम सांगितले. काकू पंच्याहत्तरीच्या, बारीक चणीच्या, पण आवाज खणखणीत. माळ मधल्या बोटावर धरायची, अंगठ्याने मणी ओढायचा, अंगठ्याशेजारचं बोट माळेला लागता नये. मोठा मणी तो मेरू, तो ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची. माळेत मणी एकशे आठ, पण धरायचे शंभरच.

"वरचे आठ कुठे गेले?" एकीने विचारलं.

"चुकलं-माकलं, मन कुठे गेलं, त्याचे ते आठ," काकू म्हणाल्या.

मी वहीत गणित मांडलं. सव्वा लाखाला साडेबाराशे माळा. वहिनी धरून आम्ही वीस जणी, एकवीस दिवस, रोज तीन माळा. एकीच्या त्रेसष्ट. एकूण बाराशे साठ, म्हणजे दहा माळा वरच. मी उभ्या-आडव्या रेघा मारल्या, डावीकडे वीस जणी, वर एकवीस दिवस. फोनवर गट केला. रोज संध्याकाळी सातच्या आत प्रत्येकीने आकडा कळवायचा आणि मी बेरीज टाकायची, असं ठरवलं.

पहिले चार दिवस मी नेमाने बसले. वहिनींशी बोलून दुपारची दोनची वेळ ठरवली होती. एक माळ व्हायला अर्धा तास लागायचा. पहिल्या दिवशी मांड्यांना मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसले. मन मात्र कुठेच बसेना. तिसाव्या मण्याला मला रेशनकार्ड आठवायचं, साठाव्याला दुधाची पिशवी. तरी बारा माळा झाल्या त्या खऱ्या झाल्या.

पाचव्या दिवशी माझी मुलगी ठाण्याहून सुट्टीसाठी आली, दोन्ही नातींना घेऊन. घर भरलं. आंब्याच्या पेट्या, फणसाचे गरे, दर अर्ध्या तासाने कुणाला तरी भूक. त्या दिवशी दोनच माळा झाल्या. वहीत मी तीन लिहिले. उद्या चार करू म्हणून. दुसऱ्या दिवशी एक झाली आणि मी तीन लिहिले. त्याच्या पुढच्या दिवशीही एक. मग त्या उरलेल्या इतक्या साठल्या की भरून काढण्याची गोष्टच मनातून गेली. आठव्या दिवसापासून मी माळ हातातच घेतली नाही. आकडा मात्र रोज जायचा.

एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. आम्ही भाट्याच्या किनाऱ्यावर होतो. नाती पाण्यात खेळत होत्या, मी चप्पल काढून ओल्या वाळूत बसले होते. वारा छान होता. खूप दिवसांनी मला बरं वाटत होतं. हो, मी त्या दिवसांत सुखात होते, हेही सांगितलं पाहिजे. फोन वाजला. वहिनींचा निरोप होता, "माझ्या तीन झाल्या. आज यांनी डोळे उघडले. तुमच्या झाल्या का?" मी वाळूचा हात पदराला पुसला आणि टाइप केलं, "झाल्या, तीन." पुढे जोडलेल्या हातांचं चित्रही टाकलं.

आणि हे कमी होतं म्हणून की काय, मी इतरांना शिस्तही लावत होते. दुसऱ्या मजल्यावर एक तरुण मुलगी राहते, नोकरी करते, सकाळी जाते ती संध्याकाळी येते. तिने एका दिवशी लिहिलं, "आज एकच झाली, सॉरी." मी सगळ्यांच्या देखत गटावर लिहिलं, "घेतलेला वाटा पुरा करणं ही जबाबदारी आहे. आजच्या दोन उद्या भरून काढाव्यात." चाळीस वर्षांपूर्वी गृहपाठ न केलेल्या मुलींना जशी बोलायचे तसंच. दुसऱ्या दिवशी तिचा आकडा आला, पाच. मी तिच्या चौकटीत समाधानाने पाच लिहिले.

शेवटचे तीन दिवस सगळ्यांनी काकूंकडे एकत्र बसायचं ठरलं. तोवर मुलगी आणि नाती परत गेल्या होत्या, मला कसलंच निमित्त उरलं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी दुपारी मी गोमुखी घेऊन गेले. गोमुखी म्हणजे शिवलेली लाल पिशवी, तिच्यात माळेचा हात घालून बसायचं, म्हणजे मणी कुणाला दिसत नाहीत. पंधरा-सोळा बायका बसल्या होत्या. पंखा फिरत होता, ओठ हलत होते. मीही ओठ हलवले. आतला हात मांडीवर निवांत पडून होता. मला त्या क्षणी लाजसुद्धा वाटली नाही. कंटाळा आला होता, एवढंच.

उठताना काकू माझ्याजवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "बाई, हात आत असला तरी हलताना दिसतो हो बाहेरून."

"बोट दुखतंय," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि एक छोटी बाटली घेऊन आल्या. "घरी केलेलं तेल आहे. झोपताना लावा. आराम पडेल."

मी ती बाटली घेतली. न दुखणाऱ्या बोटासाठी. दुसऱ्या दिवशी मी एक माळ खरी केली आणि शेवटच्या दिवशी दोन. हिशोब सरळ होता. बारा, दोन, एक, एक, एक, दोन. एकोणीस. वहीत माझ्या ओळीत मात्र एकवीस वेळा तीन, सगळे एकाच वळणाचे.

शेवटच्या संध्याकाळी मी बेरीज टाकली. बाराशे अठ्ठावन्न. वहिनींच्याच दोन कमी होत्या, त्यांनी त्या त्या दिवशी प्रामाणिकपणे तशा कळवल्या होत्या. बाकी सगळ्यांच्या पुऱ्या. साडेबाराशे हवे होते, आठ वरच झाले. वहिनींनी कोल्हापूरहून आवाजाचा निरोप पाठवला. रडत होत्या. त्याच दिवशी भाऊजींची नळी काढली होती आणि ते दोन चमचे पाणी प्यायले होते. गटावर हार-फुलांची चित्रं आली. कुणी लिहिलं, "बाईंनी हिशोब चोख ठेवला म्हणून हे झालं." मी त्यावर लिहिलं, "सगळ्यांचं श्रेय आहे."

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे भाऊजी गेले.

त्यांना इकडे आणलं. दिवसपाणी झालं. मी माळ आणि गोमुखी वहिनींच्या देवघरात होती तिथे ठेवून दिली. महिन्याभराने त्यांची मुलगीही परत गेली. "आई, चल माझ्याबरोबर," असं तिने पुष्कळ सांगितलं, पण वहिनी गेल्या नाहीत. मग रोज संध्याकाळचा चहा मी त्यांच्याकडे घेऊ लागले. त्या चहाच्या वेळीच हळूहळू कळायला लागलं की त्यांच्या मनात काय चाललंय.

"बाई, माझंच चुकलं," एकदा त्या म्हणाल्या. "अकराव्या दिवशी मी मेरू ओलांडला. डॉक्टरांनी हाक मारली म्हणून अर्ध्यात उठले. परत येऊन बसले आणि तशीच पुढे गेले. नंतर लक्षात आलं."

"त्यासाठीच तर आठ मणी असतात ना वरचे," मी म्हटलं.

"आणि दोन दिवस दोनच झाल्या माझ्या. त्यांच्यासाठी, आणि माझ्याच कमी."

"अहो, एकूण आठ जास्तच झाल्यात. तुमच्या दोन्हींनी काही बिघडलेलं नाही."

हे मी बोलले. मला खरा आकडा ठाऊक होता. मी तो एका रात्रीत नव्हे, पाच मिनिटांत काढला होता, काकूंकडून जिना चढताना. माझ्या चव्वेचाळीस वजा केल्या तर बाराशे चौदा. छत्तीस कमी. मी माझ्या पुऱ्या केल्या असत्या तर वहिनींच्या दोन कमी धरूनही जप पुरा झाला असता. जपाने माणूस वाचतो असं मी तेव्हाही मानत नव्हते, आताही मानत नाही. पण वहिनी मानत होत्या. त्यांच्या हिशोबात चूक कुठे होती ते त्या शोधत होत्या, आणि ती चूक त्यांच्यासमोर बसून बशीत चहा ओतत होती.

आषाढात त्यांनी ती वही मागितली. मी दिली. नाही कशी म्हणणार होते? त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवरून बोट फिरवत गेल्या. माझ्या ओळीपाशी थांबल्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "एकाही दिवशी खाडा नाही तुमचा. घरात पाहुणे असताना. विश्वास नसताना. आणि मी..." त्यांनी वही मिटली आणि माझा हात हातात घेतला. "तुमच्यासारखं माणूस शेजारी आहे म्हणून मी इथे राहिले हो."

तेव्हाच खरं सांगायला हवं होतं.  पण मग मी स्वतःला समजावलं की आता सांगून काय होणार, बिचारीला आणखी त्रास. गंमत अशी की मला माझं हे म्हणणं पटलं. घरी येऊन मी जेवले, बातम्या बघितल्या आणि झोपले.

श्रावणात वहिनींनी प्रायश्चित्त म्हणून एकवेळ जेवायला सुरुवात केली. सोमवारी निरंकार, पाणीसुद्धा संध्याकाळी. रोज पहाटे पाच माळा, दुपारी पाच. श्रावण संपला तरी त्यांचं संपेना. ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागला. मी म्हणायचे, "वहिनी, बास करा." त्या म्हणायच्या, "राहिलेलं पुरं करते, बाई." मी चार महिने हे बघितलं. पुष्कळ वेळा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं झालं नाही. मी दारातून आत जायचे, चहा प्यायचे आणि काही न बोलता घरी यायचे.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी वहिनी जिन्यात चक्कर येऊन पडल्या. पायऱ्या चारच होत्या म्हणून हाड मोडलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या नोकरीवाल्या मुलीने त्यांना उचलून वर आणलं, डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही नाहीये यांच्या, खायला घाला. मी पेज केली, मीठ आणि चमचाभर तूप घालून, आणि त्यांच्या उशाशी बसले. दुपारची वेळ होती. खोलीत आम्ही दोघीच.

"आज सोमवार," त्या म्हणाल्या आणि तोंड फिरवलं.

मी वाटी खाली ठेवली. कशी सुरुवात करायची ते ठरवलं नव्हतं. सरळ बोलून टाकलं.

"वहिनी, कमी तुमच्या नव्हत्या पडल्या. माझ्या पडल्या. मी खोटे आकडे लिहिले."

त्यांनी पांघरूण खांद्यावर ओढलं. 

"किती झाल्या होत्या?" त्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"एकोणीस."

"त्रेसष्टातल्या?"

"हो."

"मी विचारायचे तेव्हा तुम्ही झाल्या म्हणून सांगायचात."

"हो."

"कुठे असायचात तेव्हा?"

"घरीच. कधी बाजारात. एकदा भाट्याला होते, नातींबरोबर."

त्या उठून बसायला लागल्या. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. उशीला टेकून बसल्या आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटत होतं त्या म्हणतील, तुमच्यामुळे गेले ते. त्याची मी तयारी केली होती, त्यावर माझ्याकडे उत्तरही होतं. पण त्यांनी ते म्हटलंच नाही.

"आय. सी. यू.च्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या," त्या म्हणाल्या. "दोन वाजले की मी बसायचे. मुलगी आल्यावरही त्या वेळी ती खोलीवर जेवायला जायची. सगळी अनोळखी माणसं. मी मनात म्हणायचे, आता बाई बसल्या असतील. माझ्या बाबांची माळ घेऊन बसल्या असतील. म्हणजे मी एकटी नाहीये." मग म्हणाल्या, "मी एकटीच होते होय."

"वहिनी..."

"चार महिने मी तुमच्यासमोर उपास काढले. तुम्ही चहा प्यायला येत होतात."

 मी चुकले, माफ करा, असं काहीतरी बोलले असेन. माझे शब्द मला आठवत नाहीत, त्यांचे सगळे आठवतात.

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या. "किल्ली टेबलावर ठेवून जा."

मी किल्ली ठेवली. संध्याकाळी काकू वर येऊन गेल्या. जाताना माझ्या दारात उभ्या राहिल्या. "पेज घेतलीन त्यांनी," एवढंच म्हणाल्या. उपास त्या दिवशीच सुटले, ते पुन्हा धरले नाहीत. मी केलेल्या गोष्टीतून काही चांगलं निघालं असेल तर एवढंच, आणि तेसुद्धा चार महिने आधी निघू शकलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गटावर लिहिलं. गट बंद पडल्यासारखाच होता, भाऊजींच्या फोटोखालच्या श्रद्धांजलीनंतर कुणी काही टाकलं नव्हतं. मी लिहिलं की जपाच्या हिशोबात माझ्या चव्वेचाळीस माळा खोट्या होत्या, दोष दुसऱ्या कुणाचाही नाही, माझा आहे. पाठवायला अर्धा तास लागला. गटावर कुणीच उत्तर दिलं नाही. पण दुपारपर्यंत तीन जणींचे वेगवेगळे निरोप आले, फक्त मला. "बाई, कुणाला सांगू नका, माझ्यापण सगळ्या झाल्या नव्हत्या." थोड्याफार फरकाने तिघींचं तेच. मला वाटलं होतं मला हलकं वाटेल. वाटलं नाही. त्या कुणाला रागावल्या नव्हत्या, त्या हिशोब ठेवत नव्हत्या, आणि वहिनींनी दोन वाजता त्यांची आठवण काढली नव्हती. त्या तिघी कोण हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

नोकरीवाली मुलगी जिन्यात भेटली. ती बाजूला होऊन उभी राहिली, मला वाट द्यायला. मी म्हटलं, "तुला मी गटावर बोलले होते, ते..." ती म्हणाली, "मी त्या दिवशी पहाटे साडेतीनला उठले होते, बाई. पाच माळा करून मग ऑफिसला गेले." आवाज चढवला नाही. पर्स खांद्यावर नीट केली आणि खाली गेली.

काकूंकडे मी आपण होऊन गेले. तेलाची बाटली परत करायची होती, ती तशीच भरलेली होती. त्यांनी ती हातात घेऊन उजेडात धरली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं," मी म्हटलं.

"कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मास्तरीण. जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेत. म्हटलं, आपलाही तपासतील." मग त्यांनी बाटली माझ्याकडे परत दिली. "असू दे. म्हातारपण येतंच आहे, लागेल कधीतरी."

त्यानंतर दोन वर्षं वहिनी माझ्याशी बोलत होत्या, पण शेजारणीशी बोलतात तसं. पाणी आलं का. उद्या लाइट जाणार आहेत. त्यांच्या घरात मला बोलावणं नव्हतं. घरी भजन ठेवलं तेव्हा बोलावलं, ते सगळ्यांनाच बोलावलं म्हणून. मला बुक्का लावला, प्रसाद दिला, पुढच्या बाईकडे वळल्या. मी काही तक्रार करत नाही. घरात एकटी असताना, कुकरची शिट्टी मोजताना किंवा दाराची कडी लावताना, अचानक भाट्याची ती संध्याकाळ आठवते आणि मी मोठ्याने काहीतरी बोलते, "छे" किंवा "शी", असं. ऐकायला कुणी नसतं. कान तापतात. ही गोष्ट वयाबरोबर कमी होईल असं वाटलं होतं, ती होत नाही.

यंदा जानेवारीत वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मुलगी आठ दिवस येऊन गेली. ती गेली त्या दुपारी माझी बेल वाजली. वहिनी काळा चष्मा लावून दारात उभ्या होत्या, हातात औषधाची बारीक बाटली.

"दिवसातून सहा वेळा थेंब घालायचेत," त्या म्हणाल्या. "मला माझं जमत नाही, डोळा मिटतो. काकू गावाला गेल्यात. बाकी कुणी दुपारचं घरात नसतं."

मी हात साबणाने धुतले. त्या माझ्याच खुर्चीवर मान मागे टाकून बसल्या. मी खालची पापणी ओढली आणि बाटली दाबली. 

"पडला?" त्यांनी विचारलं.

"नाही. गालावर गेला," मी म्हटलं. "परत घालते."

दुसऱ्यांदा नीट पडला. तसं सांगितलं. त्यांनी डोळा मिटून घेतला. औषध नाकाच्या कडेने खाली आलं, ते मी कापसाने टिपलं. त्यांनी टिपू दिलं. मग उठून चष्मा लावला.

"पुढचा सहा वाजता," दारातून म्हणाल्या. "उशीर करू नका. नाहीतर मी दुसरी कुणी बघेन."

सहाला दहा कमी असतानाच मी त्यांच्या दाराबाहेर जाऊन उभी राहिले, आणि सहा वाजल्यावर बेल दाबली.